रूढीचे वय : महाडचा निकाल, घटनेचे तेरावे कलम आणि कॅरिबियनमधील कवच

१

दरवर्षी २ मार्चला नाशिकच्या पंचवटीत काळाराम मंदिर सत्याग्रहाची आठवण जागवली जाते. २० मार्चला महाडला चवदार तळ्याकाठी माणसांचा पूर लोटतो. या दोन्ही लढ्यांवर आपल्या साहित्यात पुष्कळ लिहिले गेले आहे. कविता आहेत, आत्मकथनांतील प्रकरणे आहेत, जलशांतील पदे आहेत, स्मरणिकांतील लेख तर मोजता येणार नाहीत इतके आहेत. या सगळ्या लेखनात एक वाक्य हमखास भेटते : अखेर १९३७ साली हायकोर्टाने अस्पृश्यांचा पाण्यावरचा हक्क मान्य केला आणि समतेचा विजय झाला.

हे वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. त्याचा अपुरेपणा माझ्या लक्षात आणून दिला तो एका विद्यार्थ्याने. महाडवर शिकवत असताना त्याने विचारले, "सर, तळ्यावरची ती रूढी खरोखरच हजार वर्षांची आहे असं सवर्णांनी सिद्ध केलं असतं, तर बाबासाहेब हरले असते का?" मी तासाला उत्तर दिले नाही. घरी येऊन निकालपत्र पुन्हा वाचले. 'नाही, हरले नसते' असे छातीठोकपणे म्हणता येईल असे त्या निकालपत्रात काही नाही. प्रस्तुत लेख त्या प्रश्नातून लिहिला आहे.

दलित साहित्याने समीक्षेला एक गोष्ट शिकवली. कोणताही मजकूर वाचताना त्यात कोण बोलतो, कोणाला बोलू दिले जात नाही आणि काय गृहीत धरलेले असते, हे पाहिले पाहिजे. ही कसोटी आपण कथा-कवितांना लावली, पुराणांना लावली, पाठ्यपुस्तकांना लावली. न्यायालयाच्या निकालपत्रांना मात्र ती अभावानेच लावली. वास्तविक निकालपत्र हेही लेखनच आहे, आणि त्याचा परिणाम कोणत्याही कादंबरीपेक्षा थेट माणसाच्या अंगावर होतो. तेव्हा निकालपत्रांची समीक्षा हे वकिलांचेच काम आहे असे समजून आपण बाजूला बसण्याचे कारण नाही.

२

महाडची हकिकत थोडक्यात अशी. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली मंजूर केला. सरकारी पैशातून बांधलेली वा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा ही सार्वजनिक स्थळे अस्पृश्यांना खुली करावीत असा त्याचा आशय होता. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आपल्या हजारो अनुयायांसह ते पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा त्या कागदाला प्रथमच अर्थ आला. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले आणि नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरात बाबासाहेब पुन्हा महाडला येणार असे ठरताच सवर्णांनी १२ डिसेंबर १९२७ रोजी दिवाणी दावा लावला आणि तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली, परंतु तळ्यावरचा सत्याग्रह कोर्टाचा हुकूम मानून तहकूब केला गेला.

इथे आपल्या लेखनातील गोष्ट बहुधा संपते. खरे तर इथे ती निम्मीच झालेली असते. दावा चालला सव्वानऊ वर्षे. महाडचे कोर्ट, ठाण्याचे कोर्ट आणि शेवटी मुंबई हायकोर्ट. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी सवर्णांचे अपील फेटाळले.

हे अपील कोणत्या मुद्द्यावर फेटाळले गेले? वादींचे म्हणणे असे होते की, अस्पृश्यांना या तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे. इंग्रजी कायद्याच्या पद्धतीनुसार रूढीला कायद्याचे बळ मिळायचे असेल तर ती अतिप्राचीन, निश्चित आणि वाजवी असावी लागते. हायकोर्टाने म्हटले की, ही रूढी अनादी असल्याचे वादींना सिद्ध करता आलेले नाही. तळ्याच्या भोवती सवर्णांची घरे होती, अस्पृश्य तिकडे जात नव्हते, एवढ्यावरून वगळण्याचा प्राचीन हक्क उभा राहत नाही. आणि रूढी सिद्धच झाली नाही, म्हणून ती अवाजवी आहे काय, सार्वजनिक हिताच्या विरुद्ध आहे काय, या प्रश्नात शिरण्याची कोर्टाला गरज पडली नाही.

वाचकहो, इथे थांबून विचार करावा लागतो. माणसाला पाण्यापासून दूर ठेवणे अन्याय्य आहे, असे कोर्टाने म्हटले नाही. अन्याय पुरेसा जुना असल्याचे सिद्ध झाले नाही, एवढेच म्हटले. आपण जिंकलो ते पुराव्याच्या मुद्द्यावर. बाबासाहेब बॅरिस्टर होते. लढाई कोणत्या जमिनीवर चालली आहे हे त्यांना पुरते ठाऊक होते, आणि मिळालेल्या जमिनीवर त्यांनी ती जिंकली. त्यांच्या कर्तृत्वाला यामुळे जराही उणेपणा येत नाही. उणेपणा आहे तो आपल्या वाचनात. विजयाच्या आनंदात आपण विजयाचे कारण वाचायचे विसरलो.

३

त्याच निकालपत्रात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आम्हा नाशिककरांना विशेष बोचणारी आहे. मंदिरांच्या बाबतीत दिलेले जुने निकाल उघड्या तळ्याला लावता येणार नाहीत, असा भेद हायकोर्टाने केला. मंदिरात दीर्घकाळची वहिवाट असेल, तर ते वरच्या जातींसाठीच अर्पण केलेले होते असे अनुमान निघू शकते. तळ्याचे तसे नाही. म्हणजे महाडचे दार ज्या युक्तिवादाने उघडले, त्याच युक्तिवादात काळारामाचे दार बंद ठेवण्याची सोय होती.

२ मार्च १९३० रोजी नाशिकला सुरू झालेला सत्याग्रह दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे, पतितपावनदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे चालवला. दरवाज्यांवर पुरुषांबरोबर स्त्रियाही बसल्या. त्या वर्षीच्या रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली. दार उघडले नाही. ३ मार्च १९३४ च्या पत्रात बाबासाहेबांनी दादासाहेबांना स्पष्ट कळवले की, अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून ही चळवळ नव्हती. माणसांना जागे करण्याचा तो मार्ग होता. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. नाशिकच्या त्या लढ्याला त्या काळच्या कोर्टात काय भवितव्य होते, हे पाहायचे असेल तर १९०८ सालचा एक निकाल पाहावा.

तामिळ मुलखात रामनाड भागातील कमुदी गावी एक मंदिर आहे. ताडी काढणारी जात म्हणून हिणवल्या गेलेल्या नाडार समाजातील काही लोकांनी १८९७ साली त्या मंदिरात प्रवेश केला. त्यांच्याविरुद्ध दावा झाला. तो मद्रासहून थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. प्रिव्ही कौन्सिल म्हणजे साम्राज्याचे शेवटचे कोर्ट. १९०८ साली त्या कोर्टाने निकाल दिला की, रूढीने नाडारांना तिथे प्रवेश नाही, सबब ते बाहेरच. आपल्याला समतेची शिकवण देण्याचा दावा करणाऱ्या साम्राज्याने, सात समुद्रांपलीकडे बसून, जातीच्या दाराला आपले कुलूप लावले.

४

भारताने १० ऑक्टोबर १९४९ रोजी प्रिव्ही कौन्सिलशी संबंध तोडले. पण ते कोर्ट मेले नाही. कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद-टोबॅगो, जमैका अशा स्वतंत्र देशांची शेवटची अपिले त्यानंतरही तिथेच जात राहिली आहेत. हे देश आपल्याला दूरचे वाटतात. ते तितके दूर नाहीत. आफ्रिकेतून साखळदंडांत आणलेल्या गुलामांच्या घामावर तिथले उसाचे मळे उभे राहिले. गुलामांना कसे वागवावे याची संहिताच बार्बाडोसच्या मळेवाल्यांनी १६६१ साली केली होती. गुलामी कायद्याने रद्द झाली तेव्हा ब्रिटिश सरकारने दोन कोटी पौंडांची नुकसानभरपाई दिली, ती मालकांना. गुलामांना छदाम मिळाला नाही. मग त्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून हिंदुस्थानातून माणसे नेली गेली. गयानात १८३८ पासून, त्रिनिदादमध्ये १८४५ पासून. गुलाम आणि अस्पृश्य यांच्या स्थितीची तुलना बाबासाहेबांनी केली होती. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नावच अमेरिकेतील काळ्यांच्या चळवळीकडून घेतले. तेव्हा त्या बाजूला पाहण्याची सवय आपल्या चळवळीला नवी नाही.

हे देश १९६० नंतर एकामागून एक स्वतंत्र झाले. त्यांच्या घटनांत मूलभूत अधिकार लिहिले गेले. जगण्याचा अधिकार, अमानुष शिक्षेपासून संरक्षण, समानता, सगळे आहे. पण त्याच घटनांत आणखी एक कलम घातले गेले. कायद्याच्या भाषेत अशा कलमाला व्यावृत्ती म्हणतात. साध्या मराठीत त्याला कवच म्हणू. स्वातंत्र्यापूर्वीपासून अंमलात असलेला कायदा मूलभूत अधिकारांच्या विरुद्ध आहे म्हणून रद्द ठरवता येणार नाही, असे हे कवच. थोडक्यात, घटनेने नव्या अन्यायाला मनाई केली आणि जुन्या अन्यायाला अभय दिले.

त्याचे फळ पाहा. त्रिनिदादमध्ये खुनाला फाशी हीच एकमेव शिक्षा ठरवणारा कायदा १९२५ सालचा, म्हणजे वसाहतीच्या काळातला. परिस्थिती काहीही असो, न्यायाधीशाला दुसरी शिक्षा देता येत नाही. २००४ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे हा प्रश्न आला. नऊ न्यायाधीश बसले आणि पाच विरुद्ध चार असा निकाल लागला. अशी सक्तीची फाशी ही क्रूर शिक्षा आहे आणि मूलभूत अधिकारांशी विसंगत आहे, हे बहुमतानेही मान्य केले. तरीही कायदा टिकला. का? तो जुना आहे म्हणून. २०२२ साली हाच प्रश्न पुन्हा आला, तेव्हाही तोच निकाल कायम ठेवण्यात आला.

उलट बाजूही आहे. या देशांनी मिळून स्वतःचे एक कॅरिबियन न्यायालय काढले. २००५ साली त्याचे काम सुरू झाले. त्याचे मुख्य ठिकाण त्रिनिदादची राजधानी, आणि त्रिनिदादची शेवटची अपिले मात्र लंडनला, हा त्यातला विरोधाभास. बार्बाडोस आणि गयाना यांनी हे न्यायालय शेवटचे म्हणून स्वीकारले. त्याच न्यायालयाने २०१८ साली बार्बाडोसमधील सक्तीची फाशी घटनाबाह्य ठरवली. जुने कायदे घटनेशी जुळवून घेऊनच वाचले पाहिजेत अशी आज्ञा स्वातंत्र्याच्या वेळच्या दस्तऐवजातच होती. तिच्या आधारे न्यायालयाने कवच बाजूला सारले. त्याच वर्षी गयानातील एका खटल्यात, पुरुषाने स्त्रीचा वेश अयोग्य हेतूने करणे हा गुन्हा ठरवणारा १८९३ सालचा कायदाही याच न्यायालयाने मोडीत काढला. कवचाची भाषा देशोदेशी थोडी वेगळी आहे हे खरे. पण मूळ प्रश्न एकच आहे. न्यायाधीश भूतकाळाच्या पाया पडणार, की भूतकाळाची उलटतपासणी घेणार?

५

आता आपल्या घटनेकडे या. ज्या माणसाने सव्वानऊ वर्षे 'रूढी किती जुनी' या प्रश्नाशी झुंज दिली, तोच माणूस पुढे मसुदा समितीचा अध्यक्ष झाला, हे लक्षात ठेवून तेरावे कलम वाचावे. जुने कायदे आपल्याकडेही ३७२ व्या कलमाने चालू ठेवले गेले, पण घटनेच्या इतर तरतुदींना अधीन राहून. आणि तेरावे कलम सांगते की, घटनेपूर्वीचा जो कायदा मूलभूत अधिकारांशी विसंगत असेल तो विसंगतीपुरता शून्य होय. एवढेच नव्हे, 'कायदा' या शब्दात कायद्याचे बळ असलेली रूढी आणि वहिवाटही येते, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. पंधराव्या कलमात विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते यांची नावे घेऊन भेदभावाला बंदी केली आहे. ते वाचताना मला प्रत्येक वेळी चवदार तळे दिसते.

कॅरिबियन घटनांनी जुन्याला कवच दिले. आपल्या घटनेने ते काढून घेतले. १९३७ पर्यंत रूढीचे वय हा तिचा बचाव होता. २६ जानेवारी १९५० पासून तो बचाव संपला. रूढी दोन हजार वर्षांची असो की कालची, समतेच्या आड आली की शून्य. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर महाडच्या निकालात नाही. ते इथे आहे.

पण गोष्ट इथेही संपत नाही. घटना लागू होऊन दीड वर्ष झाले नाही तोच, जुलै १९५१ मध्ये, मुंबई हायकोर्टाने 'मुंबई राज्य विरुद्ध नरसू अप्पा माळी' हा निकाल दिला. हिंदू पुरुषाला दुसरे लग्न करण्यास बंदी घालणारा १९४६ सालचा मुंबईचा कायदा वैध आहे काय, एवढाच प्रश्न होता. कायदा वैध ठरला. स्त्रियांच्या दृष्टीने निकाल चांगलाच झाला. परंतु मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी जाता जाता असे ठरवले की, धर्मावर आधारलेला व्यक्तिगत कायदा तेराव्या कलमाच्या कक्षेत येतच नाही. तो मूलभूत अधिकारांच्या कसोटीवर घासता येणार नाही.

छागलांच्या युक्तिवादातील एक धागा आपण सर्वांनी वाचावा असा आहे. ते म्हणतात, तेराव्या कलमाने व्यक्तिगत कायदा आपोआप रद्द होणार असता, तर अस्पृश्यता नष्ट करणारे सतरावे कलम आणि मंदिरे खुली करण्याची मुभा देणारे पंचविसाव्या कलमातील पोटकलम वेगळे लिहिण्याची गरजच काय होती? ज्याअर्थी ती वेगळी लिहिली, त्याअर्थी बाकीचा व्यक्तिगत कायदा घटनाकारांनी मुद्दाम बाहेर ठेवला. म्हणजे आमच्या मुक्तीसाठी लिहिलेले कलम दुसऱ्यांच्या बंधनाचा आधार बनले! शोषितासाठी एक दार ठळकपणे उघडले, यावरून बाकीची दारे बंदच ठेवायची होती असे अनुमान काढणे हे तर्कशास्त्र विलक्षण आहे. अस्पृश्यता ही इतकी खोल रुतलेली गोष्ट होती की ती नाव घेऊन, शिक्षेच्या धाकासह नष्ट करणे भाग होते. एखादी गोष्ट दोनदा सांगितली जाते ती तिच्या महत्त्वामुळे, हे साधे कारण कोर्टाला का सुचू नये?

छागला आणि गजेंद्रगडकर हे प्रतिगामी न्यायाधीश नव्हते. उलट दोघेही उदारमतवादी म्हणून ओळखले गेले. म्हणूनच हा निकाल वाचणे महत्त्वाचे आहे. आपल्याकडे कवच शत्रूने घातले नाही, सुधारकाच्या हाताने घातले गेले. आणि लंडनच्या कोर्टाने नव्हे, आपल्याच कोर्टाने. कोर्ट परके गेले आणि स्वदेशी आले म्हणजे प्रश्न सुटला, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

६

यावर कोणी म्हणेल, सतरावे कलम शाबूत आहे, मग दलितांना तेराव्या कलमाची काय फिकीर? याचे उत्तर पुढच्या निकालांत आहे. वाळीत टाकण्याला बंदी करणारा मुंबईचा १९४९ सालचा कायदा सुप्रीम कोर्टाने १९६२ साली रद्द केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी तो दावा लावला होता. धर्मस्वातंत्र्याच्या नावाखाली बहिष्काराचे हत्यार वाचले. मुख्य न्यायमूर्ती सिन्हा यांनी एकट्याने विरोधी मत दिले. वाळीत टाकलेल्या माणसाची अवस्था अस्पृश्यासारखी होते आणि सतराव्या कलमाचा रोख इथेही लागू पडतो, असा त्यांच्या मताचा आशय होता. ते मत मागे पडले. त्यानंतर जातपंचायतींचा बहिष्कार महाराष्ट्रात बिनदिक्कत चालू राहिला. २०१३ साली नाशिकमध्ये जातीबाहेर लग्न केलेल्या एका तरुणीचा खून झाला, त्यातून जातपंचायतींविरुद्ध मोहीम उभी राहिली आणि २०१६ साली विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला. मधली पन्नासहून अधिक वर्षे ज्यांनी भोगली, त्यांचा हिशेब कोणत्या निकालपत्रात लिहिला आहे?

मंदिराचेही तसेच. स्वामिनारायण पंथाच्या मंदिरांचा खटला १९६६ साली सुप्रीम कोर्टात संपला. तेच गजेंद्रगडकर आता सरन्यायाधीश होते. दलितांना प्रवेश मिळाला. पण तो कसा? हा पंथ हिंदूच आहे, आणि हिंदूंची सार्वजनिक मंदिरे सर्व हिंदूंना खुली आहेत, असे ठरवून. माणूस म्हणून नव्हे, हिंदू म्हणून. पंचविसाव्या कलमाच्या स्पष्टीकरणात 'हिंदू' या शब्दात बौद्धांचाही समावेश केलेला आहे. येवल्याच्या घोषणेनंतर आणि १९५६ नंतर हा शब्द ज्याला अंगावर नको आहे, त्याच्याही अंगावर तो पडलेलाच आहे.

मात्र लढ्याचे पीक कधी कधी दुसऱ्याच्या शेतातही उगवते. मंदिरप्रवेशाचा १९५६ सालचा मुंबईचा कायदा काळारामासारख्या लढ्यांच्या ओघातून आला. २०१६ साली शनिशिंगणापूरच्या प्रश्नावर मुंबई हायकोर्टाने तोच कायदा स्त्रियांच्या बाजूने वाचला. १९३० साली काळारामाच्या दारात बसलेल्या आपल्या आज्यांनी ज्यांच्यासाठी दार ठोठावले, त्यांत सवर्ण स्त्रियाही होत्या, हे त्या वेळी कोणाला ठाऊक नव्हते. २०१८ साली शबरीमला खटल्यात न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी नरसू अप्पा निकालाच्या तर्कावर बोट ठेवले आणि स्त्रियांच्या विटाळालाही सतरावे कलम लागू पडते असे मत मांडले. २०१९ साली त्यातील व्यापक प्रश्न मोठ्या पीठाकडे गेले. वाद कोणत्याही दिशेने जावो, एका न्यायमूर्तीने कवचाला हात घातला याची नोंद झाली आहे.

७

शेवटी आपल्याविषयी. आपण घटनेला मस्तकी घेतो, तिची मिरवणूक काढतो, उद्देशिका पाठ म्हणतो. हे योग्यच आहे. ज्यांना पोथीला शिवू दिले नाही त्यांनी स्वतःचा ग्रंथ डोक्यावर घेतला तर त्यात हसण्यासारखे काही नाही. पण ग्रंथ डोक्यावर असला की वाचता येत नाही. तो खाली घेऊन डोळ्यांसमोर धरावा लागतो. घटनेचे एकेक कलम कोर्टात कसे वाचले गेले, कुठे रुंद झाले, कुठे आक्रसले, हे आपल्या अभ्यासमंडळांना ठाऊक नसेल, तर घटना आपल्या हातात राहील आणि तिचा अर्थ दुसऱ्यांच्या.

आपल्या लेखकांकडेही मागणे आहे. महाडची ओंजळ तुम्ही लिहिलीत. आता महाडची सव्वानऊ वर्षे लिहा. तारखा, मनाईहुकूम, साक्षी, तळ्यावर पुन्हा न जाता निकालाची वाट पाहणारी माणसे लिहा. तो संयम हाही विद्रोहच होता, आणि त्याला अजून कवी भेटलेला नाही.

त्या विद्यार्थ्याला मी पुढच्या तासाला एवढेच सांगितले : "१९३७ साली रूढी हजार वर्षांची निघाली असती तर कदाचित आपण हरलो असतो. म्हणून तर पुढं तेरावं कलम लिहावं लागलं." त्याने लगेच पुढचा प्रश्न विचारला, "मग १९५१ साली काय झालं, सर?" तो तास संपला तरी वर्गातून कोणी उठले नाही.